तीन अटी आणि कुंकू लागलेलं कार्ड

सिडको, छत्रपती संभाजीनगर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, दुपार (ऑफिसात, साहेब मीटिंगला गेलेत)

तीर्थस्वरूप दादास,

सुरेखाचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, म्हणून आठातलं एक अंग कमी धरावं.) पाकिटावर 'श्री. साहेबराव' लिहिलंय ते पोस्टमनच्या समाधानासाठी, आत नेहमीसारखा तू तूच. इकडं आम्ही ठीक. ह्यांचा खोकला ह्यांच्यासारखाच आहे, येतो, बसतो, काही न सांगता निघून जातो. तिकडं मका निघाला का, कपिला व्याली का, वहिनीचा खांदा कसा आहे, हे सगळं कळव. तुझी तब्येत मात्र मी विचारत नाही. विचारली की तू म्हणतोस, 'मला काय झालंय?' आणि नेमकं काय झालंय हे सांगणारा माणूस शोधण्यासाठीच तर मी गेला महिनाभर हे शहर पायाखाली घातलं. त्याचीच हकीकत लिहायला बसले आहे.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी 'डॉक्टर' म्हणलं की तुमच्या कन्नडचा टॉवर नेमका त्याच अक्षराला जातो. हवामानाबद्दल बोलले की परत येतो. पत्राचं तसं नाही. पत्र आलं की चहा झाल्यावर ओट्यावर बसायचं, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत मोठ्यानं वाचायचं, ही आपल्या घरची अण्णांपासूनची रीत. तू सोसायटीची नोटीस तशीच वाचतोस, लग्नपत्रिका छापखान्याच्या नावापर्यंत वाचतोस, खताच्या पोत्यावरची सूचनाही मी तुला वाचताना ऐकलंय. समोर वहिनी सूप घेऊन ज्वारी निवडत बसलेली. आत्ताही तसंच असेल. वहिनीला माझा नमस्कार सांग. (सांगितलास? पुढं वाच.)

भाऊबीजेला तुला ओवाळताना मी काय काय पाहिलं ते आता सांगते. पाटावरून उठताना तू दोनदा हात टेकलास. विहिरीपासून घरापर्यंत येताना तीनदा थांबलास, आणि तिन्ही वेळा आभाळाकडं असं बघितलंस, जसं काही पाऊस येणार आहे. कार्तिकात! चप्पल काढलीस तर पायावर पट्ट्याचा खोल वळ. वहिनी हळूच म्हणाली, आताशा दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही ह्यांना. मी 'फिजिशियनला दाखवू' एवढंच म्हणाले, तर तू मांडी ठोकून म्हणालास, "येतो की! मी कधी नाय म्हणलं? पर माझ्या तीन अटी हायेत. एक, सरकारनं दिलेलं फुकट इलाजाचं कार्ड चाललं पायजे, ते काय नुसतं देव्हाऱ्यात ठिवायला दिलंय व्हय? दोन, डॉक्टरनं अंगाला हात लावून तपासलं पायजे, कागदं बघून नाय. तीन, गेल्या गेल्या भरती करायचं नाय. असा डॉक्टर घावला की सांग, मी आंघूळ करून तयारच हाय." आणि मग तू हसलास. ते हसणं अर्ध्यातच राहिलं, उरलेलं अर्धं तू आभाळाकडं बघून पुरं केलंस.

गोष्टीतल्या राजकन्या अशा अटी घालतात, हे मला माहीत होतं. पण त्यांना निदान मिशा नसतात.

असो. मी निघाले. जालना रोडवरचा पहिला दवाखाना म्हणजे सगळा काचेचा कारभार. दारातच माशांची पेटी. तिच्यातला एक केशरी मासा काचेला तोंड लावून सारखा काहीतरी विचारत होता, आणि त्यालाही कुणी उत्तर देत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला मी म्हणलं, "हे कार्ड चालतं का?" ती म्हणाली, "चालतं ना, मॅडम. पेशंट भरती आहे का?" म्हणलं, "नाही, नुसतं तपासायचंय." "तपासायला नाही चालत. भरतीला चालतं." "मग भरती करायची का नाही, हे कोण ठरवणार?" "डॉक्टर." "त्या डॉक्टरला दाखवायला कार्ड चालतं?" "भरती झाल्यावर," ती म्हणाली, आणि मान डावीकडं किंचित कलती करून माझ्यामागच्या माणसाकडं बघून हसली.

दादा, ती मान मी ओळखली. ती माझीच मान. एकवीस वर्षं मी कॉलेजच्या खिडकीआडून पोरांना तशीच मान कलती करून सांगत आलेय, की दाखला पाहिजे तर आधी नो-ड्यूज आण, आणि नो-ड्यूज पाहिजे तर दाखल्याच्या अर्जाची प्रत आण. ती पोरं तेव्हा माझ्याकडं तशी का बघायची, ते त्या दिवशी कळलं. मी माशासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. एसीची गार झुळूक, कुठंतरी लांब कुणाचा तरी नंबर पुकारणारा झोपाळू आवाज, काचेतून आलेलं दुधाळ ऊन. डोळा लागला. स्वप्नात सगळी पोरं त्या पेटीत पोहत होती, हातात अर्ज, आणि मी काचेबाहेरून म्हणत होते, उद्या या, उद्या या. जाग आली तेव्हा शेजारची बाई मला जागा झाली का म्हणून विचारत होती. खुर्चीवर बसायला. (तुझ्या पहिल्या आणि तिसऱ्या अटीचं एकमेकींशी बोलणं नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? कार्ड चालवायचं तर भरती व्हायचं, आणि भरती व्हायचं नाही ही तर तुझी अट. हे तू मुद्दाम केलंस का तुझ्या हातून आपोआप झालं, हा विचार मी अजून करते आहे. इथं पाणी पी. घाई नाही.)

दुसरा दवाखाना गारखेड्यात. तिथले सरकारी योजनेच्या टेबलावरचे गृहस्थ फार प्रेमळ. त्यांनी मला बसायला दिलं, चहा पाजला, आणि खेदानं सांगितलं, की कार्ड घेतो आम्ही, पण आमच्याकडं ते फक्त मुतखड्याला लागू आहे. छातीला नाही. मी उठायला लागले तर त्यांनी फार आशेनं विचारलं, "तुमच्या भावांना खडा अजिबात नाही का हो? बारीकसाही?" दादा, खरं सांगते, तुला खडा नाही याची मला त्या क्षणी लाज वाटली. बाहेर पडून कडुलिंबाखाली शेअर रिक्षाची वाट बघत उभी राहिले, तर वाटायला लागलं, की या शहरात प्रत्येक गल्लीत माणसाचा एकेक अवयव बसवलेला आहे. इकडं डोळे, तिकडं हाडं, पुलाच्या पलीकडं किडन्या. आणि अख्खा माणूस कुठं दाखवायचा, हे रिक्षावाल्यालाही माहीत नाही. "कुठं जायचं, आपा?" त्यानं विचारलं. मी म्हणलं, "जहाँ पूरा आदमी देखते हैं." तो म्हणाला, "बैठो, बस स्टँड छोड देता."

तिसऱ्या दवाखान्याचं मात्र मन घट्ट करून ऐक. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून मी काउंटरला पोचले ती धापा टाकतच. कार्ड पुढं ठेवलं (हो, कार्ड माझ्याकडं आहे. भाऊबीजेच्या दिवशी देव्हाऱ्यातून मीच उचललं. वहिनीवर आणि उंदरांवर घेतलेला संशय मागं घे) आणि दम खात खात म्हणलं, "धाप लागते... पाय सुजतात... दोन उशा लागतात..." पुढं 'आमच्या दादाला' म्हणणार, तोवर चाकाची खुर्ची माझ्या गुडघ्यांना मागून लागली. मी तिच्यात पडले ते सरळ आयसीयूत. कुणी चपला काढल्या, कुणी बोटाला चिमटा लावला, छातीला गार गार चिकट काहीतरी बसलं. मी म्हणत होते, "अहो, मला काही नाही." ती नर्स इतक्या मायेनं म्हणाली, "सगळे असंच म्हणतात, काकू." माझ्या ओळखीतला एकजण रोजच म्हणतो.

आणि एक खरी गोष्ट सांगते, ती ह्यांना सांगू नकोस. मला तिथं फार बरं वाटलं. पांढरा पडदा, पंख्यानं हळूहळू हलणारा. यंत्राचा टिकटिक नव्हे, टिपटिप आवाज, पागोळ्यांसारखा. कुणी काही मागत नव्हतं. डोळे मिटले आणि मी कन्नडच्या घाटात होते, सहा वर्षांची, तुझ्या खांद्यावर, आणि तू सोळा वर्षांचा, खाकी चड्डीतला, मला ढग दाखवायला घेऊन निघालेला, आणि चढ सुरू होताच तू ती गोष्ट सुरू केलीस, चंद्र चोरून आठवडी बाजारात विकायला नेणाऱ्या कोल्ह्याची, ज्यात कोल्हा आधी चंद्र पाटीत घालतो, मग पाटी गळते म्हणून पोत्यात घालतो, मग पोतं उजळतं म्हणून घोंगडीत गुंडाळतो, आणि घोंगडीतून उजेड येऊ नये म्हणून तिच्यावर आपण स्वतः बसतो, आणि बाजारात येणारी माणसं विचारतात की कोल्हेराव, तुमच्या शेपटीखाली एवढं काय चमकतंय, आणि तू चढत होतास, वळणामागून वळण, करवंदीच्या जाळ्या मागं पडत होत्या, खालून येणारे ट्रक बैलासारखे धापा टाकत होते, आणि तुझा आवाज मात्र कुठं अडत नव्हता, तुटत नव्हता, माझ्या पोटऱ्यांना तुझ्या छातीतून तो घुमताना कळत होता, आणि ढग खाली आले, आपल्या पायांशी, आणि तरी तू बोलतच होतास.

(थांब इथं जरा. थांबलास ना? बरं.)

जाग आली ती पडद्याआडच्या कुजबुजीनं. योजनेच्या टेबलावरचे एक गृहस्थ कार्ड हातात धरून नर्सला विचारत होते, "पेशंट नक्की हाच का? कार्डावर मिशा आहेत." दोघांनी पडदा सारून माझ्याकडं निरखून बघितलं. मी चादर नाकापर्यंत ओढून घेतली, त्यानं संशय वाढलाच. मग त्यांनी ते कार्ड उजेडात धरलं. "आणि हे स्कॅन का होईना? ह्या चौकोनावर हे लाल काय आहे? रक्त?"

रक्त नव्हतं, दादा. तुझ्या लक्ष्मीपूजनाचं कुंकू होतं. ट्रॅक्टरची कागदपत्रं, बँकेचं पासबुक आणि सरकारचं कार्ड एका ओळीत मांडून तू जी पूजा केलीस, तिच्यात हळदी-कुंकवाचं बोट नेमकं त्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर टेकवलंस. वर एक थेंब तेल. मशिनला तुझा पत्ता दिसेना, नाव दिसेना, आजार तर नाहीच. ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बाई, हे कार्ड आहे का कुलदैवत?" मी उठून बसले, अंगावरच्या सगळ्या वायरी गोळा केल्या आणि झालेला प्रकार पहिल्यापासून सांगितला. कुणी रागावलं नाही. फक्त यंत्राची टिपटिप वाढली.

माझ्या छातीवरचे ते चिकट बिल्ले सोडवायला आली ती दगडाबाई, तिथली मावशी, कामाला वाकलेली, तोंडानं सरळ. "भाऊ खेड्यातला हाय न्हवं?" ती म्हणाली. "अटी घालतो? घालंलच. माझा बी नवरा घालायचा. त्याला हर्सूलच्या रस्त्याला घिऊन जाय, तळ्याच्या अलीकडं. तिथं कालिंदी डॉक्टरीण हाय, बुधवार-शनिवारी. लई बोलती बाई ती. पर हात लावती." मी विचारलं, नवऱ्याला बरं वाटलं का? ती बिल्ला ओढत म्हणाली, "अटी मोडस्तवर उशीर झाला, ताई." बिल्ला निघाला तसं डोळ्यांत पाणी आलं. बिल्ल्यामुळंच.

तर काल बुधवारी मी हर्सूलच्या रस्त्याला गेले. एका जुन्या ट्रस्टचा बैठा दवाखाना, पुढं चिंचेचं झाड, झाडाखाली बाकडी. बोर्डावरची अक्षरं उन्हानं इतकी फिकी झालीत की दवाखाना स्वतःचं नाव विसरल्यासारखा वाटतो. तळ्याकडून वारा येत होता. बसलेली माणसं घाईत नव्हती, कुणी भाकरीचं फडकं सोडलं होतं, एक आजी चष्मा लावून सगळ्यांच्या चपला सरळ करत होती. योजनेच्या टेबलावरच्या बाईंना मी तुझं कार्ड भीत भीत दिलं. त्यांनी कुंकू बघितलं, खणातून कापूस आणि एक बाटली काढली, पुसलं, आणि पुसता पुसता म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनानंतर महिना-दीड महिना असंच असतं. पैठणकडच्या एकानं तर हार घातला होता." यंत्र लगेच 'टुंग' वाजलं. मिशांसकट तू पडद्यावर आलास. मला एकदम तू भेटल्यासारखं झालं.

डॉक्टर कालिंदी साठीच्या असतील. बुटक्या, अंबाडा, बोटं जाड आणि ऊबदार (माझीच नाडी बघून त्यांनी सुरुवात केली, सवयच तशी). मी आधीच कबूल केलं, की पेशंट मी नाही, पेशंट अटी घालून ओट्यावर बसलाय. त्या हसल्या नाहीत. तुझ्याबद्दल अर्धा तास विचारत बसल्या. किती उशा? किती पावलांवर थांबतात? सूज सकाळी कमी असते का? तंबाखू किती? (खरं सांगितलं. वहिनीनं मला डबी दाखवली आहे.) शेवटी विचारलं, "बोलताना दम लागतो का? सलग किती बोलू शकतात?" मी काय सांगणार? तू फोनवर 'हं' आणि 'बरंय'च्या पुढं बोलतच नाहीस. त्या म्हणाल्या, "हे मला कळायला हवं. तपास काढा आणि माणूसही घेऊन या. लवकर."

तर तुझ्या अटींचा हिशेब असा. हात लावून तपासणार, ही अट पूर्ण. घोट्यावर अंगठा दाबून सूज बघतात, मी बाकड्यावरून पाहिलं. (डॉक्टर बाई आहे म्हणून नवी अट काढू नकोस. तुला जगात आणणारी सुईणही बाईच होती.) कार्ड चालतं, पण भरती झालं तरच, नुसतं तपासायला साधा केसपेपर, त्याचं मी बघते. आणि तिसरी अट त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भरती करायची का नाही हे मी त्यांना बघितल्यावर ठरवीन. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आज वचन देणार नाही." दादा, एवढ्या शहरात मला खोटं न बोलणारी ती पहिली खिडकी भेटली. म्हणून तुझी तिसरी अट मी तुला न विचारता मोडून आले. गोष्टीतला राजपुत्र दीड अटीवर परत येत नाही, मला ठाऊक आहे. पण राजपुत्राला ऑफिसातून रजा असते.

साहेब मीटिंगहून आले. खिडकीपाशी चार पोरं उभी आहेत. मान कलती न करता त्यांचं काम करता येतं का, बघते.

वहिनीच्या खांद्याला तेल लाव. कपिलेला गूळ दे.

तुझी,
सुरेखा

ता. क. : कार्ड माझ्याकडंच राहील. ते हवं असेल तर पुढच्या बुधवारी पहिल्या एसटीनं येऊन घेऊन जा. हर्सूलच्या थांब्यावर मी उभी असेन.

आणखी ता. क. : हे पत्र एवढं लांबलचक का, असं तुझ्या मनात आलं असेल. दोन ओळींत मावलं असतं. आता चष्मा काढ आणि वहिनीच्या सुपाकडं बघ. सुपाच्या उजव्या काठाला ज्वारीच्या दाण्यांची ओळ दिसते का? तू वाचताना दम खायला जितक्यांदा थांबलास, तितके ते दाणे. थांबलास की एक दाणा बाजूला, असं माझं आणि वहिनीचं काल फोनवर ठरलंय. (तिच्या फोनला टॉवर असतो.) घाटाचं ते वाक्य मी मुद्दामच कुठं न तोडता लिहिलं, त्याचे दाणे तिनं डावीकडं वेगळे ठेवलेत. चिडू नकोस, चिडलास तर अजून एक दाणा पडेल. दोन्ही ढीग रुमालात वेगवेगळे बांध आणि येताना घेऊन ये. डॉक्टरबाईंनी हा तपास कागदावर लिहून मागितला होता. मी म्हणलं, कागद बघून तपासलेलं आमच्या दादाला चालत नाही.